शेजाऱ्याची बाजू

मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी 'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध लिहिलेला असतो. त्याची रीत ठरलेली आहे. पहिल्या परिच्छेदात वीज, आगगाडी आणि शस्त्रक्रिया यांचे गुणगान. दुसऱ्यात अणुबॉम्ब, प्रदूषण आणि बेकारी. आणि अखेरीस, विज्ञान हे दुधारी शस्त्र असून ते वापरणाऱ्याच्या हाती आहे, असा समेट. दहापैकी सात गुण ठेवलेलेच. हा निबंध लिहिणाऱ्या मुलाने दोन्ही बाजू मांडल्या हे खरे. परंतु त्यांपैकी एकही बाजू त्याला क्षणभर तरी पटलेली असते काय? 'शाप' हा शब्द तो लिहितो तेव्हा ज्याला तो शाप भोवला असा एकही मनुष्य त्याच्या डोळ्यांपुढे नसतो. दोन रकाने भरले, बेरीज शून्य आली आणि वही बंद झाली.

वादविवाद स्पर्धेची गोष्ट थोडी निराळी. तिथे आवेश असतो, ढाल असते, टाळ्या असतात. चिठ्ठी उचलून विषयाची बाजू मिळते आणि अर्ध्या तासात ती आपली बाजू होते. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून मी पुष्कळदा बसलो आहे आणि मुलांच्या हजरजबाबीपणाचे मला कौतुकही वाटते. तथापि तिथे मुलगा समोरच्याचे ऐकतो तो केवळ त्यातली भेग शोधण्यासाठी. समोरचा जितका मूर्ख दिसेल तितके आपले गुण वाढतात. मग त्याला मूर्ख दाखविणे हे कौशल्य ठरते. हे कौशल्य पुढे पंचायतीत, सोसायटीच्या सभेत आणि दुर्दैवाने आपल्या धर्मग्रामाच्या बैठकांतही फार उपयोगी पडते, हे वाचकांना मी सांगायला नको.

एखाद्या प्रश्नाकडे अनेक बाजूंनी पाहण्यास विद्यार्थ्यांना शिकवावे, याविषयी आज कोणाचा विरोध दिसत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर दिलेला आहे. परंतु या गोष्टीचा विचार बहुधा बौद्धिक कौशल्य म्हणून होतो: मुलांची बुद्धी तल्लख व्हावी, ती स्पर्धेत टिकावीत, त्यांना नोकरीत बढती मिळावी. मला यात काहीतरी निसटते असे वाटते. दुसऱ्याची बाजू समजून घेणे हे केवळ हुशारीचे काम आहे, की ते त्या दुसऱ्याचे आपल्यावरचे ऋण आहे? आणि ऋण असेल तर ते कुठपर्यंत फेडायचे? चूक असलेल्या मताचेही आपण काही देणे लागतो काय?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एका वर्गात घडलेली हकीकत सांगतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ही एक मराठी शाळा आहे. इयत्ता नववीच्या वर्गात साधारण निम्मी मुले वाडीतली, म्हणजे ज्यांच्या घरी केळी, फुले किंवा पानवेल आजही आहे किंवा काल-परवापर्यंत होती अशी. आणि उरलेली स्टेशनच्या बाजूच्या इमारतींत राहणारी, ज्यांचे आईवडील कोकणातून, घाटावरून किंवा मुंबईच्या चाळींतून इकडे आले. भूगोल शिकविणाऱ्या बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: 'गावातील विहिरींचे पाणी टँकरने शहराला विकावे काय?' आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाच्या तासाला मी त्या वर्गावर जात असे. त्यामुळे बाईंनी मलाही मागच्या बाकावर बसवून घेतले.

हा प्रश्न आमच्या भागात पुस्तकी नव्हे. टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध आणि हिरव्या पट्ट्यावर येणाऱ्या बांधकामांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने केलेल्या चळवळीची आठवण घराघरांत आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा आपली गावे तीत असावीत की नसावीत यावरून पुन्हा वातावरण पेटले. तेव्हा बाईंनी प्रश्न लिहिताच वाडीतल्या मुलांचे हात 'नाही' म्हणून वर गेले. इमारतींतली मुले खाली पाहत राहिली. त्यांनी 'हो' म्हटले नाही. ती फक्त गप्प राहिली. एकमत झाले, असे कोणत्याही निरीक्षकाने लिहून दिले असते.

बाईंनी मग एक अट घातली. आपली बाजू कोणी मांडायची नाही. वाडीतल्याने इमारतीतल्याची बाजू लिहायची आणि इमारतीतल्याने वाडीतल्याची. लिहून झाले की ज्याची बाजू लिहिली त्याला वाचून दाखवायची. 'हो, आमचे म्हणणे हेच आहे,' असे तो म्हणेपर्यंत लेखन पुरे झाले असे समजायचे नाही, आणि तोवर खंडन करायचे नाही.

वाडीतल्या एका मुलाने लिहिले: इमारतीतल्या लोकांना पाण्याची किंमत नाही, ते गाड्या धुतात, आमचे पाणी त्यांना फुकट पाहिजे. समोरच्या मुलीने ऐकले आणि म्हणाली, "आमच्याकडे गाडी नाही. आणि फुकट नाही घेत, टँकरचे पैसे देतो आम्ही." वर्ग हसला. मुलाने पुन्हा लिहिले. या वेळी तो फारच मऊ झाला होता: बिचारे गरीब लोक लांबून आलेले आहेत, त्यांचे हाल होतात, आपण त्यांच्यावर दया केली पाहिजे. मला वाटले, झाले. आता ही मुलगी मान डोलावणार. तिने मान हलवली ती नकारार्थी. "आम्ही भीक नाही मागत," ती म्हणाली.

शिवी जशी खोटी तशी कीवही खोटी असू शकते, हे त्या दिवशी चौदा वर्षांच्या मुलीने सर्वांना शिकविले. तिसऱ्या खेपेला मात्र त्या मुलाने काही लिहिण्यापूर्वी तिला प्रश्न विचारले. टँकर कधी येतो? पाणी वर कोण चढवते? घर घेताना पाण्याचे काय सांगितले होते? ती सांगत गेली. घर घेतले तेव्हा चोवीस तास पाणी मिळेल असे जाहिरातीत होते. कर्जाचा हप्ता वडिलांच्या पगारातून परस्पर कापला जातो. वडील पहाटेची लोकल धरतात, म्हणून टँकरची वाट आई पाहते. आणि ज्या दिवशी तो उशिरा येतो त्या दिवशी आईचा कामाचा खाडा होतो. मुलाने हे सारे लिहून काढले, खाली एक वाक्य घातले की पाणी विकत घ्यावे लागणे ही आमची हौस नाही, आणि वाचून दाखविले. "हं," मुलगी म्हणाली, "असंच आहे."

मग तिची पाळी. तिने लिहिले होते की वाडीवाल्यांना आम्ही इथे नकोच आहोत, पाणी हे निमित्त आहे. तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "ते पण आहे थोडं. पण तेवढंच नाही." माझ्या मते त्या दोन तासांतले सर्वांत मोलाचे वाक्य ते होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाईंनी घातलेली अट त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात ऐकली होती की त्यांना आपणहून सुचली होती, मी विचारले नाही. पण ती फार जुनी आहे. आपल्या देशातील दर्शनकारांनी वादाची जी पद्धत घालून दिली तीत पूर्वपक्ष आधी आणि उत्तरपक्ष नंतर. समोरच्याचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय आपले सिद्धान्त सांगण्याचा अधिकार ग्रंथकाराला नसे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांतही हाच शिरस्ता होता. वादसभेत उत्तर देणाऱ्याने आधी आक्षेप जसाच्या तसा पुन्हा उच्चारायचा, मगच त्यातले काय मान्य, काय अमान्य आणि कुठे शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतील ते सांगायचे. माझ्या पिढीपर्यंत लॅटिन वादसभा संपल्या होत्या. तरी सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविणारे एक वृद्ध प्राध्यापक हा नियम सोडीत नसत. "आधी त्याचे म्हणणे सांगा," ते म्हणत, "तुमचे म्हणणे मला तुमच्या चेहऱ्यावरच दिसते आहे."

संत थॉमस अक्विनास यांचा 'सुम्मा थिऑलॉजिए' हा ग्रंथ या पद्धतीचा कळस आहे. १२७३ च्या डिसेंबरात त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ अपुराच राहिला. त्यातील प्रत्येक प्रकरणाची सुरुवात लेखकाच्या मताने होत नाही, विरुद्ध मताने होते. परमेश्वर आहे काय, या प्रश्नाच्या आरंभी तो नाही असे मानण्याची दोन कारणे दिली आहेत: जगात दुःख आणि दुष्टपणा आहे, आणि निसर्गाची उकल परमेश्वरावाचूनही करता येते असे दिसते. आजचा एखादा नास्तिक वाचक ही दोन कारणे वाचून म्हणेल, 'माझे म्हणणे हेच आहे.' सातशे वर्षांपूर्वीच्या एका संन्याशाने त्याच्यावतीने ते प्रामाणिकपणे मांडून ठेवले आहे.

यहुदी परंपरेतही याचे एक सुंदर उदाहरण आहे. हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शिष्यशाखांत नियमशास्त्राच्या अर्थावरून दीर्घकाळ वाद चालला. निर्णय बहुतेक ठिकाणी हिल्लेलच्या शाखेप्रमाणे का दिला जातो, याचे कारण तालमूदमध्ये सांगितले आहे. ते लोक सौम्य होते. आपल्या मताबरोबर शम्मायच्या शाखेचे मतही शिकवीत. इतकेच नव्हे, तर ते आधी सांगत. त्यांचे तर्क अधिक बलवान होते असे तिथे म्हटलेले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या साऱ्यामागे जी नैतिक जाणीव आहे तिचे नाव मला आपल्या दहा आज्ञांमध्ये सापडते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा आपण न्यायालयापुरती किंवा फार तर निंदानालस्तीपुरती समजतो. परंतु शेजाऱ्याचे मत काय आहे हे चारचौघांत सांगणे म्हणजेही साक्ष देणेच नव्हे काय? 'ते लोक म्हणतात' असे वाक्य उच्चारताच आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतो. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली मान्यता मिळालेल्या पुस्तकाच्या प्रारंभीच अशी सूचना आहे की दुसऱ्याच्या विधानाचा शक्य तो चांगला अर्थ लावण्याची तयारी ठेवावी. तसा अर्थ लागत नसेल तर त्यालाच विचारावे की तुला काय म्हणायचे आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने ही सूचना उद्धृत केली ती नेमकी आठव्या आज्ञेच्या विवरणात. तेव्हा पहिल्या खेपेला 'ते गाड्या धुतात' असे लिहिणारा आमचा मुलगा केवळ अपुरी माहिती देत नव्हता. नकळत का होईना, तो खोटी साक्ष देत होता. आणि मुलीने मान हलवली तेव्हा ती आपला हक्क मागत होती.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे, मी वर जे लिहिले त्याला सोडून होईल. आक्षेप असा: मुलांना सतत 'या बाजूने पाहा, त्या बाजूने पाहा' असे सांगितले तर त्यांना बाजूच उरणार नाही. सगळ्यांचेच थोडे थोडे खरे, प्रत्येकाचे आपापले सत्य, अशी एक निवांत बेफिकिरी त्यांच्या ठायी येईल. पालक हा आक्षेप घेतात तेव्हा काही शिक्षक त्यांना जुनाट म्हणून हसतात. मी हसणार नाही. ही बेफिकिरी मी पाहिली आहे. ती उदारमनस्क दिसते. परंतु अनेकदा ते आळसाचेच एक रूप असते, कारण सर्वांचेच खरे म्हटले की कोणाचेच तपासून पाहावे लागत नाही.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट या संदर्भात हटकून सांगितली जाते. ही गोष्ट बौद्धांच्या पाली वाङ्मयात आहे, आणि जैन आचार्यांनी अनेकांतवाद समजावून देताना ती वापरली आहे. आपण तिचे तात्पर्य असे काढतो की प्रत्येकाला आपल्यापुरता हत्ती कळला. पण गोष्ट नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. हे लोक भांडतात, हातघाईवर येतात, परंतु त्यांच्यापैकी एकही आपली जागा बदलत नाही. सोंड धरलेल्याने चार पावले बाजूला टाकली असती तर त्याच्या हाताला कान लागला असता. आंधळेपणाने त्यांचा तितका घात केला नाही. हत्तीभोवती फेरी मारायला ते तयार नव्हते म्हणून हत्ती कळला नाही. आणि फेरी मारण्यात अर्थ आहे तो तिथे खरोखरच एक हत्ती उभा आहे म्हणून. हत्तीच नसता तर अनेक बाजूंनी पाहण्याची यातायात कोणी कशाला करावी?

म्हणूनच त्या वर्गात दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना बोलावले गेले याचे मला समाधान वाटले. सर्व काही दृष्टिकोनावर अवलंबून नसते. समुद्रकाठच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहते. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर ढोबळ मानाने सपाटीखाली चाळीस मीटर गोड्या पाण्याचा साठा तोलून धरला जातो. उलटही तितकेच खरे: उपशाने वरची पातळी एक मीटर खाली गेली तर खालून खारे पाणी कितीतरी अधिक वर सरकते. विहीर एकदा मचूळ झाली की ती पुन्हा गोडी व्हायला फार काळ लागतो. याला वाडीची बाजू आणि इमारतीची बाजू नसते. मुलीने वहीत आकृती काढून घेतली आणि विचारले, "म्हणजे विहिरी खारट झाल्या की आम्हांला पण पाणी नाही?" सर म्हणाले, "कोणालाच नाही."

जे मोजून ठरते ते मोजून ठरवावे. जे मोजून ठरत नाही, म्हणजे कोणाच्या तहानेला आधी पाणी द्यावे, ज्याची विहीर त्याचेच खालचे पाणी काय, धरणाचे पाणी गावांनी मागावे की नाही, तिथे बाजू ऐकाव्यात. या दोहोंची गल्लत करणारा शिक्षक मुलांचे नुकसान करतो, मग तो वस्तुस्थितीला मत म्हणत असो किंवा आपल्या मताला वस्तुस्थिती.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. प्रत्येक प्रश्नाला दोन सन्मान्य बाजू असतात काय? अस्पृश्यतेच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन गट करून वर्गात वाद घ्यावा काय? या बाबतीत इतिहासातील एका वादाकडे पाहणे उद्बोधक ठरेल, आणि तो आपल्याच घरातला आहे. १५५० आणि १५५१ साली स्पेनमधील वायादोलिद या नगरात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आदेशाने पंडितांची सभा भरली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर आधी शस्त्राने सत्ता स्थापन करून मग त्यांना धर्म शिकविणे न्याय्य आहे काय, हा विषय. एका बाजूला हुआन हिनेस दे सेपुल्वेदा: काही माणसे निसर्गतःच दास असतात या ॲरिस्टॉटलच्या मताचा त्याने आधार घेतला. दुसऱ्या बाजूला चियापासचे माजी बिशप, डॉमिनिकन संघाचे बार्तोलोमे दे लास कासास: त्यांनी ती माणसे बुद्धिवान आणि स्वतंत्र आहेत हे आपल्या अनेक वर्षांच्या अनुभवावरून दिवसेंदिवस वाचून दाखविले. निर्णय स्पष्ट असा कधी लागलाच नाही; दोघांनीही आपण जिंकलो असे मानले.

सेपुल्वेदाचे मत आज आपल्याला किळसवाणे वाटते, आणि ते वाटावेच. तरीही ते विद्यार्थ्यांना सांगू नये असे मला वाटत नाही. तो राक्षस नव्हता. ग्रीक भाषेचा मोठा विद्वान होता. एवढा शिकलेला मनुष्य असे कसे मानू शकला, हे ज्याला कळले नाही त्याला आपल्या काळातले सेपुल्वेदा ओळखता येणार नाहीत. मात्र सांगणे वेगळे आणि वर्गात दोन गट करून 'तुला काय वाटते, ही माणसे आहेत की नाहीत?' असे विचारणे वेगळे. मनुष्याचे मनुष्यत्व हे हात वर करून ठरविण्याचे नसते. ज्याच्या मनुष्यत्वाविषयी वाद चालला आहे तो वर्गातच बसलेला असतो, हे शिक्षकाने विसरू नये.

वायादोलिदच्या सभेत आणखी एक उणीव होती आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. तिथे दोन बाजू होत्या, पंच होते, ग्रंथ होते. परंतु ज्यांच्याविषयी ती सभा होती त्यांच्यापैकी कोणी वादी म्हणून तिथे उभा नव्हता. लास कासास यांच्यासारखा मित्र असूनही नव्हता. आणि मित्राच्या दृष्टीलाही मर्यादा असते: याच लास कासास यांनी तरुणपणी मूळ रहिवाशांचे कष्ट वाचावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती, आणि पुढे त्याचा त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला. तेव्हा 'दोन्ही बाजू ऐकल्या' याने शिक्षकाचे समाधान होऊ नये. तिसरा कोण आहे आणि तो का बोलत नाही, हे पाहावे.

आमच्या वर्गातही तिसरा होता. पाणी विकणारा शेतकरी. वाडीतल्या मुलांनी त्याला एका शब्दात निकालात काढले होते: दलाल. इमारतीतल्या मुलांना तो ठाऊकच नव्हता. बाईंना आणि मला मात्र माहीत होते की एका मुलाच्या घरच्या विहिरीवर पंप आहे आणि दारात टँकर उभा राहतो. केळीला भाव नाही, मजूर मिळत नाही, भाऊबंदकीत वाडीचे तुकडे झालेले. घराला आधार काय तो विहिरीचा. तो मुलगा दोन्ही दिवस तोंडातून ब्र न काढता बसला होता. त्याला उभे करून 'आता तुझी बाजू सांग' असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. बाईंनी ते केले नाही, आणि माझ्या मते त्या तासाला जे काही शिकविले गेले त्यात हे न केलेले कामही मोजले पाहिजे. त्यांनी फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली: 'जो विकतो त्याची बाजू कोण लिहील?' दोघा-तिघांनी हात वर केला. त्या मुलाने केला नाही; पण त्याने मान वर केली.

एखाद्या मुलाला त्याच्या घराचा, जातीचा किंवा धर्माचा वकील करून उभे करणे हा अन्याय आहे. आपल्या समाजातील ज्या मुलांनी परगावच्या शाळेत वर्गातला एकमेव ख्रिस्ती म्हणून दिवस काढले त्यांना हे सांगण्याची गरज नाही. इतिहासाच्या तासाला गोव्यातील इन्क्विझिशनचा धडा आला की सारा वर्ग वळून त्यांच्याकडे पाहतो. असे पाहणे किती जड असते! तेच आपल्या शाळेतल्या मुस्लिम मुलाच्या, आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या मुलीच्या वाट्याला आपल्याकडून येत नाही ना, याची चौकशी आपण केली पाहिजे. बाजू समजून घेण्याचे काम ऐकणाऱ्यांचे आहे. ज्याची बाजू आहे त्याने ती भर वर्गात उघडी करावी अशी सक्ती नसावी.

शिक्षकाने स्वतःचे मत सांगावे की नाही, याविषयी दोन तट आहेत. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आधी सांगू नये, कारण मुले लगेच तेच लिहितात. गुण तिथेच आहेत हे त्यांना चांगले कळते. परंतु शेवटी मुलांनी विचारले तर लपवूही नये. ज्याला कशाविषयीच काही वाटत नाही अशा माणसाकडून दुसऱ्याची बाजू समजून घ्यायला मुले कशी शिकतील? बाईंना मुलांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "उपसा थांबला पाहिजे. पण इमारतींना धरणाचे पाणी मिळावे म्हणून गावाने त्यांच्याबरोबर उभे राहिले पाहिजे." काहींना पटले, काहींना नाही.

हे सारे वर्गात होते आणि घरी पोहोचते. त्या आठवड्यात, केळीच्या बागा सांभाळून असलेले एक गृहस्थ धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. तीन मसुदे लिहिणाऱ्या मुलाचे वडील. "फादर," ते म्हणाले, "आम्ही मोर्चे काढले, पोलिसांच्या लाठ्या पाहिल्या. आणि आता आमचाच मुलगा जेवताना टँकरवाल्यांची बाजू सांगतोय. शाळेत हे शिकवता तुम्ही?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती अधिक होती. ज्या गोष्टीसाठी आपण झगडलो ती पुढच्या पिढीच्या हातून निसटेल, ही भीती क्षुद्र नाही. मुलगा अजूनही उपशाच्या विरुद्धच आहे, हे मी त्यांना सांगितले, आणि ते खरे होते. किंबहुना आता त्याला खाऱ्या पाण्याचे गणितही येते. पण उद्या तो आपले मत बदलणारच नाही, अशी हमी मी त्यांना दिली नाही. ती कोण देऊ शकेल? दुसऱ्याचे खरोखर ऐकणाऱ्याला कधीकधी दुसऱ्याचे पटते, ही त्यातली जोखीम आहे. मुलाने कधीच काही ऐकू नये, हा तिच्यावरचा उपाय मात्र मला मान्य नाही. कारण अशा मुलाच्या तोंडी आपले मत राहते, पण त्याला ते राखता येत नाही. पहिल्या हुशार माणसाने दोन प्रश्न विचारले की ते गळून पडते.

बाईंकडून मागून घेतलेला मुलाचा तिसरा मसुदा माझ्या टेबलावर होता. तो मी त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ लागला. मग घडी घालून परत ठेवला आणि म्हणाले, "आणि त्या मुलीने आमचं काय लिहिलंय, ते बघायला मिळेल?"